माटवाचं गाऱ्हाणं

आमच्या गावात कुणी नवी रिक्षा घेतली, विहिरीवर पंप बसवला, मुलीचं लग्न ठरवलं किंवा नुसतं कोंबड्यांचं खुराडं बांधलं, तरी आधी दाजी घाडींना बोलावणं जायचं. दाजी आले की पाटावर नारळ ठेवायचा, शेजारची चार माणसं जमवायची, आणि मग दाजी गाऱ्हाणं घालायचे. लांबच्या वाचकासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे आरती नव्हे आणि मंत्रही नव्हे. ते गावदेवाशी मोठ्यानं केलेलं बोलणं. ह्या लेकरानं अमुक मांडलंय, त्याला यश दे, आडवं येईल ते बाजूला कर, असं घालणारा सांगत जातो आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीवर 'होय म्हाराजा' म्हणतात. आम्ही कोकणातली माणसं देवाशीही अर्ज केल्यासारखंच बोलतो. मी मालवणच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे मला त्यात कधी नवल वाटलं नाही.

आमचं गाव आचऱ्याच्या पुढे. दाजींचं घर आमच्या घराच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेला लागून. माणूस किरकोळ अंगाचा, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि बारा महिने हातात छत्री. खिशात आमसुलं असायची. घसा राखायला एक तोंडात ठेवायचे आणि समोर जो असेल त्याला दुसरं द्यायचे. त्या आमसुलाला खिशातल्या सगळ्या वस्तूंचा वास असे, तरी ते नाकारायची सोय नव्हती. मी पन्नाशी ओलांडली, केस पिकले, तरी मला ते 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणत. एकदा भर कोर्टाच्या व्हरांड्यात, समोरच्या पक्षाच्या वकिलासमोर म्हणाले. तो वकील अजून मला त्यावरून छळतो.

नारळ ठेवला म्हणजे गाऱ्हाणं झालं, असं दाजींकडे नव्हतं. आधी उलटतपासणी व्हायची. धंदा कसला, सोबत कोण, जागा कुणाची, ह्यानं कुणाचं वाईट होतं का. लोक वैतागायचे. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेले तर फारच. 'सगळ्यांचं भलं कर म्हणा आणि मोकळे व्हा की दाजी,' असं कुणी म्हटलं की दाजी छत्री उचलून उठायच्या तयारीला लागत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "देवाक मोगम सांगू नये. मोगम सांगलंस तर तो मोगमच देतलो." माझ्याकडे दावे लिहायला शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच वाक्य शिकवते. कुणाचं आहे ते सांगत नाही, नाहीतर हसतील.

माझ्याच एका अशिलानं जमिनीच्या दाव्यात जिंकण्यासाठी दाजींना बोलावलं होतं. दाजींनी विचारलं, जमीन खरी कुणाची? अशील म्हणाला, सातबारा माझ्या नावावर आहे. दाजी म्हणाले, तो मी विचारला नाही. अशील जरा घुटमळला, आणि दाजींनी तिथल्या तिथे मागणी बदलून देवाला सांगितलं की जमीन ज्याची असेल त्याला दे. जमलेले लोक सवयीनं 'होय म्हाराजा' म्हणून बसले. पुढे दावा हरला. अशिलानं माझी फी दिली, पण दाजींशी बोलणं कायमचं टाकलं. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, देवानं ऐकलं म्हणजे झालं.

गाऱ्हाणं घातल्यावर दुसरा कोणी घरी गेला असता. दाजींचं काम तिथून सुरू व्हायचं. बाजाराच्या दिवशी ते भेटेल त्याला विचारत फिरायचे, तुझा पंप बरा चालतो ना, सून नांदते ना, म्हैस दूध देते ना. मसुऱ्याच्या त्यांच्या एका पाहुण्यानं आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो घेतला. 'ह्येका वाटेत टाकू नको' अशी मागणी दाजींनी घातली होती. पहिल्याच हंगामात कोल्हापूरकडे निघालेला भरला टेम्पो फोंडाघाटला, घाट चढायच्या आधीच बंद पडला. गावात कळलं तसे दाजी एसटी बदलत बदलत फोंडाघाटला पोचले आणि टेम्पोला टेकून उभे राहिले. पाहुण्याला काही उमगेना. तुम्हाला इंजिनातलं काय कळतं, असं त्यानं चिडून विचारलं. दाजी म्हणाले, "काय एक नाय. पण वाटेत टाकू नको असा मी देवाक सांगलंय, आनी तेणां टाकल्यान. आता कोणतरी हय उभो ऱ्हवाक व्हयो." मेकॅनिक येऊन टेम्पो घाटाला लागेपर्यंत ते हलले नाहीत. गावानं ह्या प्रकाराला 'दाजींची वॉरंटी' असं नाव दिलं. मीही हसले होते. आता सांगते, मला तो शुद्ध वेडेपणा वाटला होता.

अशा माणसाकडे वरच्या वाडीतल्या परबांचा तुषार एका मे महिन्यात ॲपचं गाऱ्हाणं घालायला आला.

तुषार ठाण्यात वाढलेला, हुशार, बोलायला गोड. त्यानं आणि त्याच्या मित्रानं एक ॲप काढलं होतं, नाव 'माटव'. आमच्याकडे मांडवाला माटव म्हणतात. कल्पना अशी की सिनेमा एका ॲपवर, मालिका दुसऱ्यावर, क्रिकेट तिसऱ्यावर, भजनं आणि दशावतार आणखी कुठे, ह्या सगळ्यासाठी लोकांनी दारोदार का हिंडावं? सगळं एकाच माटवाखाली. फोनवर बघा, टीव्हीला जोडून बघा. दाजींनी उलटतपासणी घेतलीच. हे सगळं तुझं काय? तुषार म्हणाला, नाही दाजी, ज्याचं त्याचं आहे, आम्ही फक्त एका जागी दाखवतो. दाजींनी विचारलं, "तेंका इचारलंस मां?" तुषार म्हणाला, "हो दाजी, सगळं रीतसर आहे."

मी तिथे होते. तुषारनं अडखळत वगैरे काही म्हटलं नाही, सहज म्हटलं. त्याचा मित्र समोर मोबाइल धरून चित्रीकरण करत होता. दाजींनी डोळे मिटले आणि तासलेल्या आवाजात सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान माटव घातलो हा, सगळ्यांका इचारून घातलो हा, तो देशोदेशी पसरांदे, येयत तेका जागा गावांदे, ह्या लेकराक वाटेत टाकू नको. आम्ही सगळ्यांनी मनापासून होय म्हाराजा म्हटलं. पेढे वाटले.

आणि माटव पसरला. देवानं ऐकलं की फुकट बघायला मिळण्यानं काम केलं, ते मला विचारू नका. मुंबईत, पुण्यात, आखातात, जिथे म्हणून आपली माणसं, तिथे तो पोचला. ॲप उघडलं की पहिल्यांदा दाजींचा आवाज यायचा, 'बा देवा म्हाराजा', आणि मग आमच्या सगळ्यांचं 'होय म्हाराजा'. दाजींना बाजारात लोक थांबवून सांगू लागले, तुमका आमी रोज ऐकतो. दाजी लाजायचे, आमसूल काढून द्यायचे. तेवढं एक वर्ष त्यांचं फार आनंदात गेलं.

मग बाळा मेस्त्री आला. बाळा दशावतारी कंपनीचा मालक. जत्राजत्रांतून आमचं हे नाटक चालतं. त्याला लिहिलेलं पुस्तक नसतं, कथा ठरलेली आणि नट उभ्या जागी संवाद रचतात. बाळानं मुंबईकरांसाठी स्वतःचं चॅनेल काढलं होतं, वर्गणी भरून लोक घरबसल्या त्याची नाटकं बघत. त्यावर कंपनीचे नट पावसाळ्यात जेवत, कारण पावसाळ्यात जत्रा नसतात. तीच नाटकं माटवावर फुकट दिसायला लागली, मध्ये मध्ये माटवाच्या जाहिराती. वर्गणीदार गळाले. बाळा माझ्याकडे आला नाही, सरळ दाजींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभा राहिला. माझ्या नाटकाच्या आधी तुमचा आवाज येतो दाजी, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दाजी त्याला घेऊन माझ्या ऑफिसात. त्यांना खुर्ची दिली तरी बसेनात. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, तुषारनं लोकांना विचारलं होतं की नव्हतं. मी दोन दिवस चौकशी केली. दोनचार जणांशी करार होते. बाकी सगळं इकडून तिकडून ओढून दाखवलेलं, बड्या कंपन्यांचे सिनेमेसुद्धा. मी तसं सांगितलं. दाजींनी तोंडातलं आमसूल काढून खिडकीबाहेर टाकलं आणि म्हणाले, म्हणजे मी देवाला खोटं सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांनी गाऱ्हाणं घालणं बंद केलं. कुणी बोलावलं तर म्हणायचे, माझी जीभ अडकली आहे, आधी ती सुटू दे. गाव आधी हसलं, मग रागावलं. लग्नसराई तोंडावर, आणि एवढ्याशा मोबाइलपायी दाजी अडून बसले! त्यांच्या मुलानंही त्यांना झापलं. माझ्यापुरतं म्हणाल तर मला त्यांच्या देवाशी कर्तव्य नव्हतं, बाळाची बाजू मात्र स्वच्छ होती. मी माटवाला नोटीस पाठवली.

उत्तर आलं ते वाचून मी आधी टेबलावर हात आपटून हसले आणि मग मला संताप आला. पहिला मुद्दा, आम्ही काहीही साठवत नाही, दुसरीकडे असलेलं फक्त दाखवतो, आम्ही मध्यस्थ. दुसरा मुद्दा, दशावताराला लिखित संहिता नाही, सबब त्याचा मालक कोण ते आधी सिद्ध करा. आणि तिसरा मुद्दा असा की, सखाराम घाडी (म्हणजे आमचे दाजी) ह्या गृहस्थांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सदर ॲप 'देशोदेशी पसरू दे' अशी जाहीर इच्छा व्यक्त केलेली असून, त्यांच्या आवाजाच्या वापरास त्यांची संमती होती, हे स्वयंस्पष्ट आहे. वकिली आयुष्यात पुष्कळ पुरावे बघितले. देवापुढचं गाऱ्हाणं संमतिपत्र म्हणून जोडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

दाजींना मी समजावून सांगितलं. पुस्तक नसलं म्हणून नटाचा हक्क जात नाही, त्यानं रंगवलेल्या प्रयोगावर त्याचा हक्क असतो, तुमच्या आवाजावर तुमचाही आहे, भरपाई मागता येईल. भरपाईचं त्यांनी ऐकलंच नाही. ते 'मध्यस्थ' ह्या शब्दाशी अडकले होते.

"मधलो सुटता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आपल्या माटवाखाली दुसऱ्याचं काय आलंय ते त्याला ठाऊक नसेल तर कायदा त्याला बरंचसं सांभाळून घेतो. कुणी कळवलं की मात्र त्यानं ते काढलं पाहिजे. कळूनही ठेवलं तर तो जबाबदार. तुषार काही निव्वळ मधला नाही, तो जाहिराती लावतो, ते वेगळं भांडण आहे.

दाजींनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मगे माझा काय गो चेडवा? मी पण मधलोच. तेवा माका म्हायत नव्हता. आता म्हायत झाला."

कायद्यानं बघितलं तर ते बरोबरच होतं.

गाव काही थांबलं नाही. आचरा तिठ्यावर सिमेंट आणि पाइपांचं दुकान निघालं. मालकानं दाजींना पाहुणे म्हणून मानानं बोलावलं, गाऱ्हाण्याचा आग्रह धरला नाही. दाजी गेले, मीही होते. नारळ ठेवला, आणि मालकाच्या मुलानं मोबाइल स्पीकरला जोडून माटव उघडला. दाजींचाच आवाज. ह्या लेकरान माटव घातलो हा, सगळ्यांका इचारून घातलो हा. सिमेंटच्या पोत्यांसमोर उभी सगळी माणसं हात जोडून होय म्हाराजा म्हणाली. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. चहा न घेता निघाले. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण सवयीनं मीही होय म्हाराजा म्हणून गेले होते.

त्यानंतर त्यांनी तुषारच्या आईला निरोप धाडला, तुझ्या झिलाला गावात आण. तुषार जत्रेला आला. दुपारची वेळ, देवळात पाचपंचवीस माणसं. बाळा खांबाला टेकून उभा. सगळ्यांना वाटलं दाजी आता उलटं गाऱ्हाणं घालणार, माटव मोडून टाक म्हणणार. बाळाचीही तीच इच्छा होती. तुषार घाबरलेला होता, नव्हता असं दाखवत होता. मी दाजींना आधीच विचारलं होतं, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का? ते म्हणाले, मागे घेता येत नाही, पण चुकीचं सांगितलं गेलं असेल तर दुरुस्त करता येतं. आम्हा वकिलांत ह्याला वाददुरुस्ती म्हणतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

दाजींनी तुषारला आपल्या शेजारी उभं केलं. कितीतरी महिन्यांनी तो आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा, मागे मी तुका सांगलंय, ह्या लेकरान सगळ्यांका इचारून माटव घातलो. ता खरा नव्हता. माका तेवा म्हायत नव्हता, आता म्हायत झाला, म्हणान आता जबाबदारी माझी. जा ह्येचा नाय, ता जेचा तेका परत जावंदे. आनी ह्या लेकराक वाटेत टाकू नको म्हणान सांगलंय, ता मातर तसाच ठेव."

होय म्हाराजा, लोक म्हणाले. बाळा जरा उशिरानं म्हणाला. तुषार म्हणाला नाही. दाजींनी वाट बघितली. सगळं देऊळ वाट बघत राहिलं. तुषार खाली फरशीकडे बघत उभा होता, कान लाल झालेले. शेवटी दाजीच म्हणाले, "ऱ्हवांदे. म्हणात तेवा म्हणात." आणि नारळ वाढवला.

तुषार दुसऱ्याच दिवशी ठाण्याला गेला. कुणाला काही न सांगता पुढच्या आठवड्यात बाळाची नाटकं माटवावरून गेली, दाजींचा आवाजही गेला. बाळाचे वर्गणीदार सगळे नाही, पण बरेचसे परत आले. दाजींनी गाऱ्हाणी घालायला पुन्हा सुरुवात केली. उलटतपासणी मात्र आता दुप्पट झाली. विचारलंस का, एवढ्यावर भागेना. कुणाला विचारलंस त्याचं नाव सांग, म्हणायचे.

सिनेमे मात्र तुषारनं काढले नव्हते. माटवाची सगळी गर्दी त्यांच्यावरच होती. एका मोठ्या चित्रपट कंपनीनं मुंबईच्या कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि माटव एका सकाळी उघडेनासा झाला. वर तुषारवर दावा. मित्रानं अंग काढून घेतलं. तुषारची आई माझ्याकडे रडत आली, मुंबईचा वकील काय बोलतो ते आम्हाला कळत नाही, तू सोबत चल. मी नाही म्हणणार होते. माझ्याच नोटिशीला त्या पोरानं कसलं उत्तर पाठवलं होतं ते मी विसरले नव्हते. पण हो म्हटलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात दाजी उभे. धुतलेला सदरा, छत्री, कापडी पिशवी. त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं. कणकवलीहून गाडीत बसून आले होते, तेही मुंबईत रस्ता ठाऊक नसताना. मी रागावले. ह्या वयात काय हे, इथे तुमचं काय काम, आत तुम्हाला एक अक्षर कळणार नाही, असं सगळं बोलून घेतलं. दाजींनी शांतपणे मला आमसूल दिलं. मला एकदम फोंडाघाटचा टेम्पो आठवला आणि मी ते तोंडात टाकलं.

कोर्टाच्या दारात शिपायानं त्यांना अडवलं. आत फार गर्दी होती, ज्यांचं प्रकरण आहे त्यांनाच सोडत होते. "तुम्ही कोण? वादी का प्रतिवादी?" शिपायानं विचारलं.

दाजी गावाबाहेर गेले की शुद्ध बोलायचे. तुषारकडे बोट करून म्हणाले, "मी मधला. ह्याच्यासाठी शब्द टाकलाय मी."

शिपायाला काही बोध झाला नाही. त्यानं व्हरांड्यातलं बाकडं दाखवलं. दाजी तिथे बसले, छत्री गुडघ्यांमध्ये धरून, दाराकडे तोंड करून.

आमचा नंबर लागायला संध्याकाळ झाली आणि लागला तेव्हा पुढची तारीख पडली. बाहेर आलो तर व्हरांडा रिकामा झालेला, दिवे लावत एक माणूस चाललेला, आणि बाकड्यावर दाजी सकाळी बसले होते तसेच. मला आठवतात ते असेच, कारण पुढच्या तारखेच्या आधी, पावसाळा सरता सरता ते गेले. त्या संध्याकाळी आम्हाला बघून ते उठले.

"झाला?"

"नाही दाजी," मी म्हटलं, "तारीख पडली."

"मगे परत येवक व्हया," दाजी म्हणाले आणि पिशवी उचलायला वाकले.

तुषार पुढे झाला. त्यानं पिशवी दाजींच्या हातातून काढून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "होय म्हाराजा."